घोडवाट, पाणंद आणि हातातला फोन



बचत गटाच्या बैठकीत मोबाईलचा विषय निघाला की आपण बँकेचे मेसेज, पैसे पाठवणं, मुलांचा अभ्यास एवढ्यावर येऊन थांबतो. आज आम्ही मोबाईलच्या एका वेगळ्या उपयोगाबद्दल बोलणार आहोत. घोड्यावरून जायच्या वाटा शोधायच्या, त्या फोनमध्ये नोंदवायच्या आणि एकमेकांना द्यायच्या. त्यासाठी आता ॲप निघाली आहेत. ऐकून काहीजणी म्हणतील, 'दारात स्कुटी उभी आहे, आता घोडं कुठलं आणताय?' पण जरा दम धरा. घोडं आपल्या दारावरूनच जातं, आपलं लक्ष नसतं एवढंच.

आपली कागल पंचतारांकित एमआयडीसी घ्या. एका अंगाला कागल, दुसऱ्या अंगाला हातकणंगले तालुक्यातली गावं. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, पलीकडे हुपरी. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे पाळीला कामाला जातात. कंपनीची बस, ट्रक, कंटेनर यांच्या गर्दीत कधी कधी रस्त्याच्या कडेनं मेंढरांचा कळप चाललेला दिसतो. कळपाच्या मागंपुढं एकदोन घोडी असतात. पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान लेकरूसुद्धा. आणि घोडीचा लगाम धरून चाललेली असते एक बाई.

आजच्या गोष्टीची सुरुवात या बाईपासून करू. धनगर समाजात मुक्काम हलवायच्या दिवशी कामाची वाटणी ठरलेली असते. पुरुष मेंढरं चारत चारत रानातून जातात. बायका बिऱ्हाड आवरतात, घोड्यावर लादतात आणि पुढच्या मुक्कामाला जाऊन चूल मांडतात. म्हणजे वाट ठाऊक असणं हे बाईचंच काम. पाणी कुठं आहे, ओढ्याला उतार कुठून आहे, घोड्याचा पाय कुठं निसरतो, कुत्री कुठं अंगावर येतात, कुणाच्या रानात रात्री मेंढरं बसवायची आहेत, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. मेंढरं बसवली की रानाला लेंडीखत मिळतं, आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला दसऱ्यानंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकातून धनगर समाज येतो. भंडाऱ्यानं सारं गाव पिवळं होतं. फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी चालत येतात. एवढ्या लांबून माणसं वर्षानुवर्षं येतात, त्यामागे वाटांचं एक मोठं जाळं आहे. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. ते पायांत आणि तोंडात राहिलेलं आहे.

आता घोड्याविषयी थोडं. मेंढपाळांकडची ही लहान चणीची, काटक घोडी भीमथडीच्या वंशाची मानली जातात. भीमा नदीच्या काठचा मुलूख तो भीमथडी. बंदरांवर उतरलेली अरबी घोडी आणि इथली तट्टं यांच्या मिलाफातून हा घोडा तयार झाला असं सांगतात. थोड्या चाऱ्यावर भागवणारा, डोंगरउतारावर न डगमगणारा. २०२३ साली आपल्याला जे राज्यगीत मिळालं, त्यातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. सरकारी घोडा असलेला तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. इंग्रजांच्या काळात ही घोडदळं मोडली आणि या घोड्याची पत गेली. तो टिकला तो मेंढपाळांच्या आणि भटक्या समाजांच्या आधारानं. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. घोडा कागदावर आला. त्याच्या वाटा मात्र अजून आलेल्या नाहीत.

वाट ठाऊक असण्याला केवढी किंमत असते, ते आपल्याच जिल्ह्यातल्या दोन प्रवासांतून कळतं.

पहिला प्रवास १६६० सालचा. सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला होता. १२ जुलैच्या रात्री भर पावसात शिवाजी महाराज पालखीतून गडाबाहेर पडले. मसाई पठार ओलांडून, रानातून, ओढ्यांतून विशाळगडाकडे निघाले. अंतर साधारण ६० किलोमीटर. वाटेत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी खिंड अडवून धरली आणि दुसऱ्या दिवशी महाराज विशाळगडावर पोचले. त्या खिंडीला आपण आज पावनखिंड म्हणतो. तिचं जुनं नाव घोडखिंड. म्हणजे घोड्याची वाट तिच्या नावातच आहे.

दुसरा प्रवास १७०२ सालचा. औरंगजेबानं विशाळगड घेतला आणि तो पन्हाळ्याकडे परत निघाला. मुलूख तोच, महिने जून-जुलैचे, पाऊसही तोच. बरोबर प्रचंड फौज, हत्ती, उंट, तोफा, बाजारबुणगे. चिखलात जनावरं रुतली, ओढ्यांत माणसं वाहून गेली. जे अंतर महाराजांनी एका रात्रीत आणि एका दिवसात तोडलं होतं, जवळपास तेच तोडायला बादशाहाच्या छावणीला महिन्याहून जास्त काळ लागला.

तेव्हा मराठ्यांचा कारभार ताराराणी पाहत होत्या. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक. १७०० साली राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. बादशहा एकेका गडाला वेढा घालत बसायचा, आणि मराठ्यांचे स्वार आडवाटांनी माळव्यापर्यंत आणि गुजरातेपर्यंत धडका मारून यायचे. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. बसमधून जाताना आपण त्याला हात जोडतो. पुढच्या वेळी हेही आठवा, की त्या घोड्याच्या टापेइतकीच वाटेची माहिती हे मराठ्यांचं बळ होतं.

त्या काळात वाट लपवण्यात शहाणपण होतं. शत्रूला वाट कळली तर गड गेलाच. गुराखी, धनगर, हेर, वाटाडे यांच्या तोंडी वाट असायची आणि भरवशाच्या माणसालाच ती सांगितली जायची.

मग कागदाचा काळ आला. १८३५ च्या सुमाराला इंग्रज सरकारनं पुणे जिल्ह्यात भीमेकाठच्या इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी त्यात पुढे होते. सारा ठरवण्यासाठी शेत न् शेत मोजलं, त्याला क्रमांक दिला. हळूहळू ही पद्धत सगळीकडे आली. आज तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात आपण गावनकाशा मागतो, त्याचं मूळ या मोजणीत आहे. नकाशावर तुटक एक रेघ दिसली तर तो पायमार्ग, तुटक दोन रेघा दिसल्या तर गाडीमार्ग. पण शेतावर जाण्याच्या कितीतरी वाटा या नकाशात आल्याच नाहीत. मेंढरांची, घोड्यांची हंगामी वाट तर नाहीच. मोजणारे साऱ्यासाठी मोजत होते. सारा भरणारं शेत त्यांना दिसलं, त्यातून जाणारी माणसं दिसली नाहीत.

इथून वाटेचं गणित बदललं. जी वाट कागदावर, ती खरी. जी फक्त पायाखाली, तिची शाश्वती नाही.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. ज्या इंग्रजांनी आपली शेतं मोजली, त्यांच्या देशात काय झालं ते ऐका. इंग्लंडमध्ये गावोगावी घोडवाटा आहेत. शेत खासगी असलं तरी त्यातून जाणाऱ्या अशा वाटेवरून कुणालाही चालत किंवा घोड्यावरून जायचा हक्क आहे. १९४९ साली कायदा झाला आणि अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायचं ठरलं. पण हजारो वाटा नोंदवायच्या राहिल्या. २००० साली दुसरा कायदा आला आणि त्यानं मुदत घातली. १ जानेवारी २०२६ पर्यंत जी जुनी वाट नकाशावर येणार नाही, तिच्यावरचा हक्क संपणार.

मग गावोगावची माणसं कामाला लागली. त्यांत घोड्यावर बसणाऱ्या बायका पुष्कळ. दप्तरखान्यांत जाऊन त्यांनी शेदोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे उलगडले, म्हाताऱ्यांना विचारलं, वाट प्रत्यक्ष पाहून आल्या आणि अर्ज केले. पुढे मुदत २०३१ पर्यंत वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं ही मुदतच काढून टाकण्याचं जाहीर केलं. आपल्याला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की वाटेची नोंद करायचं काम कुणी साहेब येऊन करून देत नाही. जी त्या वाटेनं जाते, तिलाच ते करावं लागतं.

आता फोनकडे येऊ. आकाशात उपग्रह फिरतात आणि वेळ सांगणारे संदेश सोडतात. फोनला एका वेळी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठं उभ्या आहोत ते तो हिशोब करून काढतो. ही अमेरिकेची जीपीएस व्यवस्था. ती मुळात लष्करासाठी होती. सामान्य माणसाला ती मुद्दाम अंधुक करून दिली जायची, १०० मीटरपर्यंत चूक यायची. मे २००० मध्ये अमेरिकेनं ती अंधुकी काढून टाकली. तेव्हापासून काही मीटरच्या फरकानं जागा कळू लागली. २०१३ पासून आपल्या इस्रोनंही नाविक नावाच्या व्यवस्थेसाठी उपग्रह सोडायला सुरुवात केली. यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की जागा कळण्यासाठी नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी घरी उतरवून घेतला, तर माळावरसुद्धा वाट नोंदवता येते.

घोडेस्वारांची ॲप यावरच चालतात. स्वीडनमधलं इक्विलॅब नावाचं एक ॲप आहे. फोन खिशात ठेवून घोड्यावर बसायचं. घोडा किती वेळ साधा चालला, किती वेळ दुडक्या चालीनं गेला, किती वेळ भरधाव धावला, वाट कुठून गेली, हे सगळं ते नोंदवतं. बाई एकटी रानात गेली असेल तर ती आता कुठं आहे हे घरच्यांना कळत राहील, अशीही सोय त्यात आहे. दुसरीकडे ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. तो जगभरातल्या साध्या माणसांनी मिळून भरला आहे. त्यात कुणीही वाट घालू शकतं, आणि ती घोड्यासाठी आहे अशी वेगळी नोंदही करता येते. आपल्याकडे पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला दर पावसाळ्यात माणसं जातात. त्यांतले बरेचजण आदल्यांनी नोंदवलेली वाट फोनवर घेऊन निघतात.

घोडेस्वार एकमेकांना वाट देताना काय काय लिहितात ते पाहा. पाणी कुठं मिळेल, चढ किती, दगड सुटे आहेत का, पावसात चिखल होतो का, फाटक आहे का, गाड्यांची वर्दळ कुठं आहे, विसावा कुठं घ्यायचा. ओळखीचं वाटतं ना? मघाशी सांगितलेली धनगर बाई हेच सगळं डोक्यात घेऊन चालते. स्वीडनमधली स्वार आणि कोडोलीच्या माळावरची मेंढपाळ बाई, दोघींचं ज्ञान एकाच जातीचं. एकीच्या ज्ञानाला ॲप मिळालं, दुसरीच्या ज्ञानाला अजून कुणी विचारलेलं नाही.

पण मैत्रिणींनो, वाट जगजाहीर करण्यात धोकाही आहे. स्ट्राव्हा नावाचं धावपटूंचं एक ॲप आहे. त्यानं २०१७ च्या अखेरीस जगभरच्या लोकांच्या धावण्याच्या वाटांचा एकत्र नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आलं, की त्यात लष्करी तळही उजळून दिसत आहेत. तिथले सैनिक सकाळी धावताना ॲप चालू ठेवत होते. सैनिकांचं असं झालं, तर आपलं काय? रोज ठरावीक वेळी कुठली बाई कुठून जाते, तिचं घर कुठं, हे अनोळखी माणसाला कळणं बरं नाही. मेंढपाळांचा मुक्काम आज कुठं पडला आहे हे चोराला कळलं तर मेंढरं जातील. देवराईतली औषधी मुळी कुठं आहे हे साऱ्या जगाला सांगितलं तर ती मुळी राहणार नाही.

म्हणून ताराराणींच्या काळातलं शहाणपण अगदीच जुनं झालेलं नाही. वाट नोंदवायची, पण कुणाला दाखवायची ते आपण ठरवायचं. जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये नोंद खासगी ठेवायची सोय असते. घराच्या दारापासून नोंद सुरू करू नका, वेशीपासून करा. चालू असताना जागा दाखवायची तर घरच्या एकदोन माणसांनाच दाखवा. गावाची सामायिक पाणंद सर्वांना दिसू द्या. मुक्काम, पाण्याचा गुप्त झरा, एकटीची रोजची वाट, हे आपल्यापुरतं ठेवा.

आता आपल्या गरजेचं बोलू. एमआयडीसी आली, रोजगार आला, आपल्या हातात पगार आला. ते चांगलंच झालं. पण माळाचे भूखंड पडले, तारेची कुंपणं आली, भिंती आल्या. दुसऱ्या बाजूला पाणी आलं तसा ऊस बांधापर्यंत सरकला आणि पाणंदी अरुंद झाल्या. पाणंद बुजली की आधी अडते ती बाई. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन तिला लांबचा वळसा पडतो. पाळीहून अंधारात परतताना ट्रकच्या रस्त्यानं यावं लागतं. आणि घोडी घेऊन चाललेली धनगर बाई तर थेट डांबरी रस्त्यावर येते, हॉर्न ऐकून घोडी बुजते, पाठीवरचं लेकरू पडायची भीती. घोडं कुठं अडलं असं आपण सहज विचारतो. इथं ते खरोखरच अडलं आहे.

कायदा काय देतो तेही सांगतो. असलेली वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत जावं लागतं. शेताला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली होती. वनात जाणाऱ्या भटक्या पशुपालकांचा हंगामी हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं मानला आहे. माळावरून, गायरानावरून जाणाऱ्या मेंढपाळाला तसा आधार नाही. त्यामुळे त्यांच्या वाटेची नोंद जास्तच गरजेची.

फोनवरची रेघ म्हणजे सातबारा नव्हे, हेही पक्कं ध्यानात ठेवा. तेवढ्यावर हक्क मिळत नाही. पण तहसीलदारांपुढे 'इथून वाट होती' असं नुसतं तोंडानं सांगणं आणि नकाशावर दाखवणं, यात फरक पडतो.

आमच्या गटानं एक पाणंद अशी नोंदवून पाहिली. फोन एका पोरीच्या हातात, आणि वाटाड्या म्हणून दोन आज्या पुढे. विहीर आली, खूण टाकली. वडाचं झाड, ओढ्याचा उतार, मेंढरं बसवायचा माळ, प्रत्येक ठिकाणी खूण टाकली आणि आज्यांनी सांगितलेलं नाव लिहिलं. काही नावं आमच्यातल्या सुनांनी पहिल्यांदाच ऐकली. घरी येऊन ती रेघ गावनकाशाशेजारी ठेवली. पाणंदीचा काही भाग नकाशात तुटक रेघेनं होता, काही भाग नव्हताच. नव्हता तो भाग कुठला, हे कळणंच मोठं काम झालं. आता ग्रामसभेत काय मागायचं ते आम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या गटातही हे होण्यासारखं आहे. गावनकाशाची प्रत काढा. म्हाताऱ्या बायकांना पुढे घाला. फोन चांगला चालवणारी पोरगी बरोबर घ्या. आणि मेंढरं गावात आली की त्यांच्याबरोबरच्या बाईला चहाला बोलवा. तुमची घोडी कुठून येते, पूर्वी कुठून यायची, कुठं अडते, हे तिला विचारा. तिची वाट जगाला दाखवायची की नाही, हे मात्र तिलाच ठरवू द्या.

ज्या वाटांनी महाराज विशाळगडावर पोचले, त्या कुणीतरी आधी पायाखाली घातल्या होत्या. त्या वाटाड्यांची नावं इतिहासात राहिली नाहीत. आपल्या गावच्या वाटाड्या आजींचं नाव तेवढं वाटेच्या नोंदीत लिहायला विसरू नका. तुमच्या पाणंदीची हकीकत आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भाषणात ती सगळ्यांना ऐकवू.

येतो मैत्रिणींनो. राम राम.